सहावी ते आठवीच्या खेळाडू पोरांसाठी एक पान लिहूया: शाळेला आणि पालकांना खुलं पत्र

आदरणीय मुख्याध्यापक मॅडम, पीटीचे सर, शाळा व्यवस्थापन समितीतले सगळे सभासद आणि टीममधल्या पोरापोरींचे आईबाबा,

नमस्कार.

हे पत्र आधी ऑफिसात जाऊन हातात द्यायचं ठरवलं होतं, पण मग वाटलं हे एकट्या आपल्या शाळेचं नाहीच आहे, तालुक्याच्या मैदानावर गेलं की प्रत्येक शाळेच्या मंडपात हेच दिसतं, म्हणून खुलं लिहितेय. शाळेचं नाव घेणार नाही, कुणाला बदनाम करायचं नाहीये.

गेल्या ऑगस्टमधली गोष्ट. मुलगा तेव्हा सातवीत, कबड्डीच्या चौदा वर्षांखालच्या टीमची निवड चाललेली. डबा घरी भरलेला तसाच परत यायला लागला. सोमवारी थालीपीठ तसंच, मंगळवारी पोळीभाजी तशीच, मी म्हणलं मित्रांच्या डब्यातलं खात असेल. बुधवारी रात्री ताटावर बसेना, भूक नाही म्हणे. गुरुवारी पहाटे साडेपाचला गच्चीवर धपधप आवाज आला म्हणून वर गेले, तर हा अंगात बाबांचा रेनकोट घालून, आत स्वेटर, चेन गळ्यापर्यंत ओढलेली, आणि जागच्या जागी पळतोय. केसातून पाणी गळतंय, ओठ पांढरे. मी तांब्या पुढे केला तर त्याने चूळ भरली आणि थुंकून टाकली, एक घोट गिळला नाही. म्हणाला, आई शनिवारी वजन आहे, मी दीड किलो जास्त भरतोय, वजनात बसलो तरच टीममध्ये घेणारेत.

तेरा वर्षांचं पोर आहे हो. या वयात उंची महिन्याला दिसेल अशी वाढते, वजन वाढायचंच असतं, आणि आपण त्याला सांगतोय की शनिवारपर्यंत कमी हो.

रेनकोटचं कुणी शिकवलं विचारलं तर म्हणे आठवीतल्या दादांनी, आणि वर म्हणतो, विनेशताई पण रात्रभर पळाली होती ना. खरंय, २०२४ ला पॅरिसमध्ये विनेश फोगाट ५० किलोच्या फायनलच्या दिवशी सकाळी १०० ग्रॅम जास्त भरली आणि बाहेर झाली, ते सगळ्या पोरांनी मोबाईलवर बघितलंय, त्या रात्री ती काय काय करत होती तेही त्यांना पाठ आहे. पण ती मोठी बाई, तिच्या आजूबाजूला डॉक्टर, कोच, आहार बघणारी माणसं, आणि तिलाही ते झेपलं नाही. आमच्या पोराच्या आजूबाजूला गच्ची आणि रेनकोट. १९९७ च्या नोव्हेंबर-डिसेंबरात अमेरिकेत कॉलेजचे तीन पैलवान वजन उतरवताना मेले, तिघंही असंच, घाम काढायचे कपडे घालून, पाणी न पिता, गरम खोलीत व्यायाम करत होते. त्यानंतर तिथल्या कॉलेजच्या कुस्तीत रबरी सूट आणि घामाच्या खोल्या बंद झाल्या, वजन मॅचच्या अगदी जवळ घ्यायला लागले. ती धडधाकट तरुण मुलं होती. हे मला त्या गुरुवारी माहीत नव्हतं, नंतर वाचलं, आणि वाचून रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही.

आता सर, तुमच्याबद्दल आधी एक सांगते, नाहीतर वाटेल ही बाई सरांवर घसरली. तुम्ही पहाटे सहाला मैदानावर असता, स्वतःच्या खिशातून पोरांना केळी आणता, वडापमध्ये बारा पोरं कोंबून तालुक्याला नेता आणि रात्री एकेकाला दारात सोडून मग घरी जाता, हे आम्ही बघतो. तुमच्याकडे इतिहासाचे तास पण आहेत, निवडणुकीची ड्युटी पण येते. आपल्याकडे खेळाडूच्या मागे शिक्षक उभा राहिल्याशिवाय काही झालेलंच नाही. गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांना हेलसिंकीला जायला पैसे कमी पडले तेव्हा राजाराम कॉलेजच्या खर्डेकर सरांनी घर गहाण टाकून सात हजार दिले, आणि १९५२ ला खाशाबांनी स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक आणलं. शाळेत पाहुणे आले की ही गोष्ट सांगितली जाते. तुम्ही त्याच जातकुळीतले आहात असं मला मनापासून वाटतं, आणि म्हणूनच हे तुम्हाला लिहितेय.

तुम्ही माझ्या मुलाला उपाशी राहा असं सांगितलं नव्हतं, मला माहितीये. तुम्ही फक्त "वजनात बस" म्हणालात. पण तेरा वर्षांच्या पोराला सरांनी बस म्हणलं की तो बसतोच, कसा बसायचं ते तो स्वतः शोधतो. त्याच्या तोंडून "सर मला जमणार नाही" निघत नाही. माझ्या पण निघालं नव्हतं, मी पण खो-खो खेळलेय शाळेत, सहावीपासून दहावीपर्यंत. म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे की पोराला जे नाही म्हणता येत नाही, ते एका कागदाने म्हणावं. शाळेने एक पान लिहावं, जुलैत निवड सुरू व्हायच्या आधी, पोराने सही करायची, आईबापाने करायची, आणि सरांनी आणि मॅडमनी पण करायची. सध्या नोटीस बोर्डवर जे नियम लावलेत ते सगळे पोरांसाठीच आहेत. वेळेवर यावे, गणवेश स्वच्छ असावा, शिस्त पाळावी, क्रीडाशिक्षकांचा निर्णय अंतिम राहील. मोठ्यांसाठी एकही ओळ नाही.

माझी मावसबहीण न्यू जर्सीत असते, तिची मुलगी सहावीत गेल्यावर शाळेच्या धावण्याच्या टीममध्ये नाव द्यायला गेली, तर आधी हातात फॉर्म ठेवला. वर्षाच्या आतली डॉक्टरची तपासणी पाहिजे, त्याशिवाय प्रॅक्टिसला पण उभं करत नाहीत. आणि एक माहितीपत्रक, त्यात मुलीने काय पाळायचं ते आहे, पण कोच काय करणार, इजा झाली तर कोण कुणाला कळवणार, किती वाजता सुटणार, हे पण आहे. बहिणीने फोटो पाठवले तेव्हा मी आधी म्हणलं, तिकडचं सगळं कागदीच असतं. पण दोनदा वाचल्यावर लक्षात आलं की त्यातल्या बऱ्याच गोष्टींना पैसा लागत नाही. फक्त आधी ठरवून ठेवलेलं असणं लागतं.

वजनाचं तर सोपं आहे. निवडीच्या दोन-अडीच महिने आधी सगळ्यांचं वजन एकदा घ्यायचं, आणि जो मर्यादेच्या जवळ किंवा वर असेल त्याला तिथेच सांगायचं, बाळा यंदा तू या वजनात नाहीस, शाळेतल्या टीममध्ये खेळ, सराव कर, पुढच्या वर्षी वरच्या गटात बघू. उपाशी राहून, पाणी तोडून, रेनकोट घालून कुणी वजन उतरवलेलं दिसलं तर त्याला त्या स्पर्धेत उतरवायचं नाही. शिक्षा म्हणून नाही, त्याच्या शरीरासाठी. एकदा हे लेखी असलं की आठवीतले दादा पण शिकवायचे थांबतील, कारण उपयोगच उरणार नाही.

दुसरी गोष्ट डोक्याची. ही आमच्या शाळेची नाही, तालुक्याला दुसऱ्या एका शाळेच्या मॅचमध्ये बघितलेली. छोटा चणीचा मुलगा चढाईला गेला, कोपऱ्यावरच्याने पाय धरला, हा मागे पडला आणि डोकं मॅटच्या कडेबाहेर, खाली फरशीवर आपटलं. आवाज आमच्यापर्यंत आला. पोरगं उठून बसलं पण नजर कुठेच नाही. त्याच्या कोचनी डोक्यावर बाटलीभर पाणी ओतलं, पाठीवर थाप मारली, "बरं वाटतंय ना" विचारलं, पोराने मान हलवली, आणि पाच मिनिटांत परत आत. मी रेषेजवळच बसले होते, त्याने शेजारच्या मुलाला दोनदा विचारलेलं ऐकलं, "आपण लीडला आहे का?" बोर्ड समोरच होता. शेजारच्याने एकदा सांगितलं, परत तेच विचारलं.

सुदैवाने काही झालं नाही त्याला, निदान त्या दिवशी तरी. पण २००६ साली अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यात झॅकरी लिस्टेट नावाचा तेरा वर्षांचाच शाळकरी मुलगा असाच डोक्याला मार लागल्यावर थोड्या वेळात परत अमेरिकन फुटबॉल (तो हाताने बॉल घेऊन पळायचा, धडका मारायचा खेळ) खेळायला उतरवला होता, मॅच संपता संपता कोसळला, मेंदूच्या शस्त्रक्रिया झाल्या, पायावर उभं राहायला त्याला वर्षं लागली. २००९ ला त्याच्या नावाने कायदा झाला. मेंदूला मार बसल्याचा नुसता संशय आला तरी पोराला त्याच क्षणी बाहेर काढायचं, आणि डॉक्टरने लिहून दिल्याशिवाय परत उतरवायचं नाही. पुढच्या पाच वर्षांत तिथल्या सगळ्या राज्यांनी तसे कायदे केले. आपल्याला कायद्याची वाट बघायची काय गरज आहे, आपल्या पानावर दोन ओळी लिहिल्या की झालं. डोकं आपटलं, नजर फिरली, उलटी झाली, तेच तेच विचारायला लागला, उजेड नको म्हणाला, की त्या दिवसाचा खेळ संपला. मग ती फायनल असो, शेवटची चढाई असो. आणि "बरं वाटतंय का" हे पोराला विचारून निर्णय घ्यायचा नाही, कारण तेरा वर्षांचं कुठलंही पोर मॅचच्या मध्ये हो म्हणणारच.

गुडघ्याचं पण सांगते, कारण ते रोजचं आहे आणि त्यावर कुणाचं लक्ष जात नाही. माझ्या भावाची मुलगी, आठवीत, खो-खो खेळते, गुडघ्याच्या वाटीखाली दुखतं म्हणायची. पाटीवर बसून उठायचं, परत बसायचं, सूर मारायचा, सगळा भार तिथेच. तिला आधी सगळ्यांनी, आम्ही घरच्यांनी पण, सरावाला टाळाटाळ करते म्हणून ओरडलो. मग वाटीखाली बोट ठेवलं तर टेंगूळ हाताला लागलं आणि ती कळवळली. डॉक्टर म्हणाले याला ऑसगुड-श्लॅटर म्हणतात, १९०३ पासून माहीत असलेली गोष्ट आहे, हाड पटापट वाढत असतं तेव्हा मांडीच्या स्नायूची दोरी जिथे नडगीला चिकटते तिथे ते अजून कच्चं असतं, ओढ बसून सुजतं. वाढ पूर्ण झाली की बहुतेकांचं आपोआप जातं, पण तोपर्यंत उड्या आणि उठबस कमी करायला पाहिजे, बर्फ लावायचा, मांडीचे ताण द्यायचे. लहान पोरांना टाचेत पण असंच होतं. म्हणजे दुखणं खरं होतं. पोरगी खोटं बोलत नव्हती, आणि आम्ही तिला दोन महिने खोटारडी ठरवलं. मला अजून तिच्याकडे बघून बोलताना वाईट वाटतं.

तर पानावर हे पण पाहिजे की दुखतंय म्हणलेल्या पोराला नाटकं करतोय म्हणायचं नाही, आणि दुखतंय सांगितल्यामुळे कुणाची टीममधली जागा जाणार नाही. हे दुसरं जास्त महत्त्वाचं. जागा जायच्या भीतीनेच पोरं लपवतात.

मैदानाबद्दल फार लिहीत नाही. शिक्षण हक्क कायद्यात शाळेला खेळाचं मैदान असायलाच पाहिजे असं आहे, आणि सहावी ते आठवीला शंभराच्या वर पट असेल तर शारीरिक शिक्षणासाठी निदान अर्धवेळ शिक्षक पाहिजे असंही आहे. आपल्याकडे दोन्ही आहे, बऱ्याच शाळांत नाही. पण आपली पोरं मातीवर अनवाणी सराव करतात आणि स्पर्धा मॅटवर असते, पाय सटकतो, कोपरं सोलवटतात. वर्षातून चार-पाच दिवस तरी शेजारच्या क्लबची मॅट मागून घेता येईल, त्यासाठी पालकांपैकी कुणी जाऊन बोलायला तयार आहे, मी तर नक्कीच.

मुलींचं मात्र जरा निवांत लिहिणार आहे, कारण ते कुणी बोलत नाही.

माझ्या टीममध्ये सहावीत आम्ही पंधरा-सोळा जणी होतो. आठवीत सात उरलो. त्या कुठे गेल्या? कुणाचा खेळ बिघडला नव्हता. एकीची पाळी सरावात सुरू झाली, फिक्या रंगाची चड्डी होती, मुलं हसली, ती दुसऱ्या दिवसापासून आलीच नाही. एकीच्या आजीने सांगितलं आता पोरीची जात आहे, मोठी झाली, पुरे ते पळणं. आणि मी स्वतः तालुक्याच्या एका स्पर्धेला सकाळी सातपासून संध्याकाळी पाचपर्यंत पाणी प्यायले नव्हते, कारण मैदानावर मुलींना जायला जागाच नव्हती, एक पत्र्याचा आडोसा होता त्याला दार नव्हतं. दुपारच्या मॅचमध्ये पळती करताना डोळ्यापुढे अंधारी आली, खांब धरून उभी राहिले, बाद झाले. सर चिडले. मी काय सांगणार सरांना? ते काही वाईट नव्हते, त्यांच्या डोक्यातच ते आलं नव्हतं.

आज तीस वर्षांनी माझ्या भाचीला तोच प्रश्न आहे. म्हणून मुलींची टीम बाहेर जाणार असेल तर सोबत एक शिक्षिका किंवा निदान एक आई असायलाच पाहिजे, नसेल तर टीम निघणार नाही, असं लिहा. मी रजा टाकून जाईन, आणि आमच्यातल्या चार-पाच आया तरी तयार होतील. किटमध्ये पॅड असूदे, बँडेजच्या शेजारी, लपवून नाही. चड्डी गडद रंगाची शिवा, किंवा ट्रॅक पँट घालायची मुभा द्या. आणि मुलीने "आज जमणार नाही" एवढं म्हणलं की पुढे कारण विचारायचं नाही. मैदानावर पोचल्या पोचल्या आधी बाथरूम बघायचं, नसेल तर आयोजकांना तिथल्या तिथे सांगायचं, जवळच्या घरी विचारायचं, पण पोरींना दिवसभर तहानलेलं ठेवायचं नाही.

त्याच्याच जोडीला, मुलगा असो मुलगी असो, बंद खोलीत एकट्या पोराबरोबर मोठं माणूस नको, पाय चोळून द्यायचा असेल तर मैदानावर चारचौघांत, आणि पोरांना पर्सनल मेसेज नकोत, जे असेल ते ग्रुपवर जिथे आईबाप पण आहेत. यात सरांवर संशय नाही. हा नियम सरांचं पण रक्षण करतो, उद्या कुणी काही बोललं तर कागद दाखवता येईल.

आता मार्कांचं. मागच्या पालकसभेत कुणीतरी मुद्दा काढला की घटक चाचणीत ज्याला कमी मार्क त्याला टीममधून काढा, आणि बऱ्याच जणांनी माना डोलावल्या. मला हे पटत नाही आणि का ते सांगते. आमच्या गल्लीतला एक मुलगा आहे, वडील बाहेरगावी ट्रकवर, आई बांधकामावर, त्याला गणित अजिबात येत नाही, पण तो शाळेत रोज येतो ते संध्याकाळच्या कबड्डीसाठी. कबड्डी काढली तर त्याचं गणित सुधारणार नाही, त्याची शाळा सुटेल. तुम्ही हजेरीची अट घाला, मी पाठिंबा देते. ज्या दिवशी वर्गात नाही त्या दिवशी मैदानात पण नाही, सरळ हिशोब. वह्या पूर्ण पाहिजेत, तोही नियम घाला. आणि मार्क कमी असतील तर सरावाच्या आधी अर्धा तास त्याच मैदानाच्या कट्ट्यावर बसून एखाद्या मोठ्या मुलाने त्याला शिकवावं, टीमचंच काम समजून. पण मार्कांवरून टीममधून काढणं म्हणजे त्याच्याकडे जी एक गोष्ट आहे तीच हिसकावणं आहे.

आणि पालकहो, आपल्याबद्दल पण. दहावी-बारावीला खेळाचे सवलतीचे गुण मिळतात, सरकारी नोकरीत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे, हे चांगलंच आहे, पण सहावीतल्या पोराच्या कानात आत्तापासून "सर्टिफिकेट पाहिजे, सर्टिफिकेट पाहिजे" करू नका. सर्टिफिकेटच्या मागे लागलं की मग जन्मतारखेवर हात पडतो. चौदा वर्षांखालच्या गटाची कटऑफ १ जानेवारी धरतात, म्हणजे जानेवारीत जन्मलेलं आणि डिसेंबरात जन्मलेलं पोर एकाच गटात, आधीच जवळजवळ वर्षाचा फरक, या वयात वर्ष म्हणजे चार बोटं उंची आणि बरीच जास्त ताकद. त्यात कुणी अजून दोन वर्षं चोरली की समोरच्या खऱ्या तेरा वर्षांच्या पोराची हाडं मोडतील. क्रिकेट बोर्डाला डाव्या मनगटाचा एक्सरे काढून वय बघायची वेळ आली ती यामुळेच. राहुल द्रविडनी २०१५ ला पतौडी व्याख्यानात यावरच सांगितलं होतं, की वय चोरलं की पोराला खेळाची ओळखच खोटेपणापासून होते. आईबापच दाखला बदलून आणतात आणि वर पोराला सांगतात कुणी विचारलं तर हीच तारीख सांग. मी हे दोन घरांत बघितलंय. मला त्या पोरांचा राग नाही येत, त्यांच्याकडे बघवत नाही.

रेषेबाहेरून ओरडणं पण बंद करूया. गेल्या वर्षी सेमीफायनलला एका बाबांनी पंचांना जी शिवी दिली ती त्यांच्या मुलाने पुढच्या चढाईत समोरच्या कोपऱ्याला तशीच्या तशी दिली, आणि मग मार मुलाने खाल्ला, त्याच बाबांचा.

हरल्यावरची शिक्षा हा विषय जड जातो मला, पण टाळता येत नाही. हरलो म्हणून दहा राऊंड, उशीर झाला म्हणून उन्हात उठाबशा, "आज पाणी नाही". शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने शाळेत मुलांना मारणं आणि मानसिक त्रास देणं दोन्हीला बंदी आहे, आणि मैदान शाळेतच येतं. आणि कायदा बाजूला ठेवला तरी, पळणं हीच शिक्षा केली तर पोराला पळणं आवडेल कसं? सरावात पाणी प्यायलं की पोटात टोचतं हे आम्हाला पण सांगायचे, पण दर वीस-पंचवीस मिनिटांनी दोन-दोन घोट घेतले तर काही टोचत नाही, उलट सप्टेंबर-ऑक्टोबरच्या उन्हात ते घेतलेच पाहिजेत.

पोरांकडून काही अपेक्षाच ठेवू नका असं मी अजिबात म्हणत नाहीये. उलट भरपूर ठेवा. वेळेच्या दहा मिनिटं आधी यायचं. स्वतःची बॅग स्वतः उचलायची, आईने नाही. पंचांनी बाद दिलं की हात वर करून बाहेर, तोंडातून शब्द नाही. जर्सी धुऊन परत द्यायची. बाकावर बसलेल्याने तोंड पाडून बसायचं नाही, आतल्यांना आवाज द्यायचा. समोरच्या टीमचं पोर पडलं तर हात द्यायचा. दुखलं तर सांगायचं, हे पण शिस्तीतच येतं. माझ्या मुलाला हे सगळं जमतं आणि नाही जमलं तर त्याला खुशाल एक मॅच बाहेर बसवा, मी भांडायला येणार नाही.

फक्त बाकावरच्यांचा पण विचार व्हावा. बारा जणांत सात खेळतात, उरलेली पाच पोरं अख्खा सीझन वडापमधून जातात येतात, कधी कधी एक चढाई पण वाट्याला येत नाही. तालुक्याच्या मॅचमध्ये नाही जमत हे मला कळतं. पण शाळेतल्या शाळेत, शेजारच्या शाळेबरोबरच्या सरावाच्या मॅचमध्ये, प्रत्येकाला अर्धा वेळ तरी उतरवा. आणि समोरची टीम अगदीच लहान असेल तर पुढे गेल्यावर आपल्या राखीव पोरांना उतरवा. २०१६ च्या जानेवारीत कल्याणला शाळेच्या मॅचमध्ये एका मुलाने नाबाद १००९ केले, जगभर नाव झालं, त्याचं कौतुक मला पण आहे. समोरची पोरं ३१ आणि ५२ वर ऑलआऊट झाली होती. दोन दिवस उन्हात बॉल आणायला पळणाऱ्या त्या पोरांनी पुढे क्रिकेट खेळलं का, हा विचार माझ्या डोक्यातून जात नाही.

त्या शनिवारचं सांगायचं राहिलं. मी मुलाला वजनाला पाठवलं नाही. शुक्रवारी रात्री त्याला वरणभात वाढला, त्याने रडत रडत खाल्ला, आणि सोमवारपासून आठ दिवस माझ्याशी बोलला नाही. टीम त्याच्याशिवाय गेली, दुसऱ्या फेरीत हरली, आणि वर्गात काही जणांनी त्याला सुनावलं की तुझ्या आईमुळे हरलो. हे ओझं एका आईवर आणि एका पोरावर का यावं? तेच जर शाळेच्या पानावर लिहिलेलं असतं तर ना मी वाईट ठरले असते, ना सर, ना तो.

शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सभासद पालकच असायला पाहिजेत आणि निम्म्या बायका, असं कायद्यात आहे, म्हणजे हे पान लिहायला आपल्याला कुणाला विचारायला जायचं नाहीये. पुढच्या शनिवारी पालकसभा आहे. मी कोरं पान आणि पेन घेऊन येते. सर, तुम्ही सांगा, तुम्हाला मैदानावर काय जमेल काय नाही हे तुम्हालाच माहीत, मॅडम तुम्ही सांगा, आणि टीममधल्या दोन पोरांना, दोन पोरींना पण बोलवूया, त्यांचं पण ऐकूया. मी लिहून घेते. पान भरलं की सगळ्यांनी सह्या करायच्या.

आणि तोपर्यंत एकच विनंती, ही सभेची वाट न बघता सोमवारीच मान्य केली तर फार बरं होईल. पीटीच्या खोलीत दाराशेजारी जो वजनकाटा ठेवलाय, पोरं जाता येता त्यावर उभी राहून बघतात, माझा मुलगा अजूनही राहतो. तो काटा तेवढा उचलून ऑफिसात ठेवा.

आपली,
आठवी ब मधल्या एका कबड्डीपटूची आई